बहिणाबाई, तुमचा खोपा तपासून पाहिला

सणसवाडी, ता. शिरूर, जि. पुणे

आदरणीय बहिणाबाई,


हे पत्र तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. तुम्हाला अक्षर येत नव्हतं हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तरी २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला तुमचं नाव आहे, आणि खानदेशातली पोरं तुमच्या नावाचे पदवीचे कागद घेऊन आमच्या इथे नोकरी मागायला येतात. तुमचे चिरंजीव सोपानदेव जवळपास असतीलच. तुमची गाणी कागदावर उतरवून घेण्याचं काम त्यांनी आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी केलं, तेव्हा हे एवढं पत्र वाचून दाखवायला ते कुरकुर करणार नाहीत.

पत्राचा विषय तुमची खोप्याची कविता. सुगरणीचा खोपा.

आधी मी कोण ते सांगते. पुण्याहून नगरकडे निघालं की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा आणि मग आमचं सणसवाडी. नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण रस्त्याला सगळे नगर रोडच म्हणतात आणि त्यावरच्या ट्रॅफिकला जे म्हणतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. गाव पूर्वी बाजरी-ज्वारीचं. आता इथे ट्रॅक्टर बनवणारी जॉन डिअर आहे, बाकी लहानमोठे कारखाने आहेत, आणि या सगळ्यांत राबणाऱ्या माणसांसाठी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. बीडचे, लातूरचे, यवतमाळचे, बिहारचे, आणि तुमच्या जळगावचेही.

मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. लेथवरून, सीएनसीवरून उतरलेले नग माझ्या टेबलावर येतात. हाताशी व्हर्नियर, मायक्रोमीटर, आट्यांसाठी गो-नो-गो गेज. ड्रॉइंगमध्ये लिहिलंय तसं आहे का, एवढंच बघायचं. पण ते ‘एवढंच’ काय असतं ते सांगते. दोन नग शेजारी ठेवले तर जुळे वाटतात. एकाच्या भोकाच्या कडेला केसाएवढी बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कूस, राहिलेली असते. ती डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. म्हणून आम्ही कडेवरून नख फिरवतो. हायड्रॉलिक फिटिंगमधली ती बर तशीच पुढे गेली, तर तेलाबरोबर सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकते, आणि ऐन नांगरटीत कुणाच्या तरी शिवारात ट्रॅक्टरची लिफ्ट रुसून बसते. तो शेतकरी मला ओळखत नाही. पण त्याची शिवी मला लागू पडते.

हे पुराण लावायचं कारण असं की तुमच्या कवितेचा शाळेत शिकलेला अर्थ आणि आज मला लागतो तो अर्थ, यांत बरंच अंतर पडलंय, आणि त्याला हे टेबल कारण आहे.

शाळेतला अर्थ सगळ्यांना पाठ. एवढंसं पाखरू चोचीनं इतकं सुंदर घर विणतं, माणसाला तर देवानं दोन हात दिलेत, तेव्हा माणसानं आळस सोडून उद्योग करावा. गाइडात ‘मध्यवर्ती कल्पना’ या मथळ्याखाली हेच, ‘कवयित्रीचा संदेश’ या मथळ्याखालीही हेच, फक्त दोन शब्द इकडचे तिकडे. परीक्षेत चार मार्क पक्के. आणि वर्गात बाईंनी कविता शिकवताना शेवटच्या ओळींना आवाज चढवला की मागच्या बाकावरची मुलं आपोआप मान खाली घालायची, कारण टोमणा आपल्यालाच आहे हे त्यांना कळायचं.

आता कविता मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघते, तर तो टोमणा मला सापडतच नाही. तुम्ही माणसाला त्या कवितेत एकच गोष्ट करायला सांगितली आहे, ती म्हणजे बघायला. कामाला लाग, आळस झटक, पाखराचा धडा घे, यातलं एकही वाक्य तिथे नाही. चोचीचं वर्णन करता, चोच केवढी लहान आणि तीच दातांचं, तीच ओठांचं काम कशी करते ते सांगता, मग माणसाचे हात आणि बोटं मोजता आणि कविता संपवता. मोजलं आणि गप्प बसलात. पुढचं रागावणं आम्ही भरलं. मास्तरांनी, गाइडवाल्यांनी, भिंतीवर सुविचार रंगवणाऱ्यांनी.

आमच्याकडे एखादा नवा ऑपरेटर एकाच टूलवर तीन तऱ्हेची कामं काढतो तेव्हा जुना फिटर येऊन उभा राहतो, काही बोलत नाही, टूल हातात घेऊन उलटसुलट करून बघतो. ते बघणं कौतुकाचं असतं. त्यात स्वतःच्या टूलबॉक्सचा हिशेबही आपसूक होतो. माझ्याकडे एवढं सगळं आहे, आणि हा एवढ्यावर हे काढतोय! मला तुमच्या शेवटच्या ओळीत हा सूर ऐकू येतो. शेतात, जात्यावर, चुलीपुढे जन्मभर हातानं काम केलेल्या बाईनं दुसऱ्या कारागिराची हत्यारं मोजलीत. आळशी माणसाला झापायला तुम्हाला पाखराची गरज नव्हती. त्यासाठी घरात, भावकीत पुरेशी माणसं असतील.

थोडा दोष गाण्याचाही आहे. १९६१ च्या ‘मानिनी’ सिनेमात ही कविता आशा भोसल्यांनी गायली, चाल वसंत पवारांची. चाल इतकी गोड की ऐकणारा झोका घेत राहतो. आमच्या आजीला गाणं पूर्ण येत होतं आणि खोप्याचं दार खाली असतं हे तिनं कधी गाण्याशी जोडलं नाही. गोड गोष्टीचं असंच होतं, गिळली जाते.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते, राग मानू नका. खोप्याला तुम्ही जी बंगल्याची उपमा दिली आहे तिचं मला फारसं कौतुक नाही. बंगला ही लांबून बघण्याची गोष्ट. आमच्या गावात कंपन्यांना जमिनी गेल्या तेव्हा बंगले उठले, गच्चीवर सिमेंटचे गरुड, सिमेंटचे ट्रॅक्टर बसले. बंगला म्हटलं की मला ते गरुड आठवतात. तुमची खरी उपमा त्याच्या पुढची आहे, वाळलेल्या गिलक्याची. आमच्याकडे त्याला घोसाळं म्हणतात. वेलावर जून होऊन वाळलेलं घोसाळं सोललं की आत धाग्यांची जाळी निघते, ती आम्ही अंग घासायला, भांडी घासायला ठेवतो. ही उपमा ज्या बाईला सुचली तिनं खोपा हातात घेऊन, वळवून, बोटानं दाबून बघितलेला असणार, याबद्दल मला शंका नाही. बंगला कुणालाही सुचेल.

आमच्या विहिरीवर बाभळ आहे. पावसाळ्यात तिच्यावर खोपे लटकतात, पाण्याच्या बाजूला वाकलेल्या फांद्यांवरच जास्त. वादळी पावसात एखादा गळून काठावर पडतो. असाच एक मी उचलला आणि स्वयंपाकघरातल्या घोसाळ्याच्या जाळीशेजारी ठेवला. कामावरचं दहा पट मोठं दाखवणारं भिंग पर्समध्ये होतंच, ते लावलं.

घोसाळ्यात धागे थराथरानं असतात. एक थर उभा, एक आडवा, मधे तिरके दुवे. कुठूनही ओढा, टोक सापडत नाही, कारण त्याला टोक नाही, ते वाढलंय. खोप्याला टोकं आहेत. गवताच्या, उसाच्या पात्याच्या पट्ट्या, रुंदी मिलिमीटर-दोन मिलिमीटर, एकीखालून दुसरी काढलेली, काही ठिकाणी फास घालून ओढून घेतलेली. पण प्रत्येक टोक परत आत खोचलंय. बाहेरून हात फिरवला तर बोचत नाही. मी सवयीनं नख फिरवलं. कडेला, नळीच्या तोंडाशी, जिथे आत-बाहेर करताना पंख घासणार, तिथे विणकाम सगळ्यात मऊ होतं. अंडी असतात त्या फुगीर भागाच्या भिंतीत वाळलेल्या चिखलाचे गोळे सापडले. लोक म्हणतात की सुगरण चिखलात काजवे चिकटवून रात्री घरात दिवा लावते. मला काजवा मिळाला नाही, आणि तुमच्या कवितेतही काजवा नाही. खेड्यात इतकी गाजलेली आणि इतकी गोंडस गोष्ट तुमच्या कानावर आली नसेल, हे पटत नाही. ऐकली असेल आणि तरी घेतली नसेल, तर त्याबद्दल तुम्हाला माझा वेगळा नमस्कार.

आता अवघड मुद्द्याकडे येते. तो टाळला असता तर पत्र गोड झालं असतं.

१९३० साली, तुम्ही पन्नाशीच्या असताना, अलिबागजवळच्या किहीमला एक माणूस सुगरणीच्या वसाहतीवर नजर ठेवून बसला होता. सलीम अली. नोकरी हातात नव्हती, वेळ होता. पावसाळाभर त्यांनी जे टिपलं ते १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्यातून कळलं ते असं: खोपा नर विणतो. पावसाळ्यात ज्याचं डोकं आणि छाती हळदीसारखी पिवळी होते तो. उसाच्या किंवा गवताच्या पात्याला बुडाशी चोचीनं खाच पाडतो, कड चोचीत धरतो आणि उडतो. पट्टी सोलून निघते. अशा शेकडो खेपा. आठवडाभरात खोपा अर्धा होतो. वरून टोपीसारखा, खालून उघडा, मधे बसायला एक आडवी दोरी. मग माद्यांचा थवा येतो. त्या आत शिरतात, बघतात, धागे ओढून पाहतात. पसंत पडला तर एखादी तिथेच ठाण मांडते, आणि मग नर उरलेलं काम पुरं करतो. आतली आवराआवर ती करते. नापसंत झाला, तर खोपा तसाच अर्धवट लटकत राहतो.

म्हणजे बहिणाबाई, ती विणत नाही. ती क्वालिटीला आहे. हे वाचलं तेव्हा मी कामावर सगळ्यांना सांगत सुटले होते.

हा मुद्दा काढून हल्ली काही शहाणे तुमची कविता चुकीची ठरवतात. शास्त्र सांगतं नर विणतो, आणि कवयित्री मादीचं कौतुक करते, काय उपयोग! मला हे पटत नाही, आणि ‘कवितेत शास्त्र कुठे शोधता’ असली पळवाटही नको वाटते. तुमच्या कवितेची ताकद जर बघण्यात आहे असं मी म्हणत असेन, तर जे बघितलं ते खरं होतं का, हे विचारलंच पाहिजे. आमच्याकडे रिपोर्टवर ‘भावना बरोबर होत्या’ असा शेरा चालत नाही.

तेव्हा तपासून पाहू. तुमच्या कवितेत खोप्यात काय चाललंय? पिलं आहेत. निजलेली आहेत. आईचा जीव त्यांच्यापाशी आहे. म्हणजे विणकाम केव्हाच संपलंय, अंडी फुटलीत. तुम्ही जो क्षण धरलाय तो हा. आणि या क्षणाबद्दल सलीम अलींचं निरीक्षण काय? एक मादी घरात स्थिरावली की नर तिथे थांबत नाही. तो पुढच्या फांदीवर नवा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसराही. अंड्यांवर दोन आठवडे बसते ती एकटी मादी. पिलांना भरवायचं मुख्य कामही तिचंच. पिवळा गडी शेजारी गाणं म्हणत असतो, आणि खोप्याच्या खालच्या दारातून आत-बाहेर करते ती चिमणीसारखी मातकट पाखरीण, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तुमचं गेलं.

विणताना कोण होतं हे तुम्ही पाहिलं नसेल. अन्नासाठी शेतात राबणाऱ्या बाईला पावसाळाभर झाडाखाली बसायची सवड कोण देणार? पण राहिलं कोण, हे तुम्ही अचूक पाहिलंत. तेराव्या वर्षी आसोद्याहून जळगावला लग्न होऊन आलात, तिशीच्या आसपास नथूजी गेले, पदरात तीन लेकरं. ओंकार, सोपान, काशी. प्लेगनं ओंकारला अपंगत्व दिलं. मी तुमचं दुःख कवितेत कोंबत नाही. त्या कवितेत रडारड कुठेही नाही. मी एवढंच म्हणते की खोप्याच्या तोंडाशी ये-जा करणारं मातकट पाखरू कोणत्या डोळ्यांना दिसतं आणि कोणत्या डोळ्यांना पिवळं पाखरूच दिसतं, हे काही योगायोगानं ठरत नाही. किहीमला जे कळलं त्यानं तुमची कविता खोटी पडली नाही. तिची एक बाजू दुरुस्त झाली आणि दुसरी पक्की झाली. जीव झाडाला टांगून बसलेली ती तीच.

मला तर एकच पाखरू आणि त्याचे दोन साक्षीदार असा हा मामला वाटतो. एकच मुंबई इलाखा, काळही जवळपास तोच. एकाकडे वही होती, बर्लिनला जाऊन घेतलेलं शिक्षण होतं, रिकामा मोसम होता. दुसरीकडे यातलं काही नव्हतं. दोघांनी आपापल्या जागेवरून जे दिसलं ते सांगितलं, आणि न दिसलेलं कुणी रंगवलं नाही. 

पुढे वाचत गेले तेव्हा आणखी एक सापडलं. अमेरिकेतल्या निकोलस आणि एल्सी कोलियस नावाच्या जोडप्यानं आफ्रिकेतल्या सुगरणीच्या भाऊबंदांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की विणणं सगळंच्या सगळं जन्मजात नसतं. कोवळे नर आधी वेडेवाकडे फास घालतात, पट्ट्या गळून पडतात, सरावानं हात बसतो. किंवा चोच बसते म्हणू. लहान वयात विणायला गवतच मिळू दिलं नाही, तर पुढे त्यांना नीट विणता येत नाही. हे वाचून मला आमच्याकडचे आयटीआयचे अप्रेंटिस आठवले, ज्यांना वर्षभर झाडू मारायला लावतात आणि नंतर म्हणतात, पोरांना काम येत नाही. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

कामावरच्या मुली विचारतात, ताई, कवितेचा एवढा अर्थ निघतो तरी कसा, ती तर एवढीशी आहे. मी त्यांना काही समजावत बसत नाही. एकीला मी नुसतं वाळलेलं घोसाळं आणि खोपा दिला आणि म्हटलं, दोन्हीत फरक सांग. ती जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ते उलटत होती. मग म्हणाली, याची टोकं आत खोचली आहेत, त्याला टोकंच नाहीत. ती तुमच्याकडची, यावल तालुक्यातली. तुमची कविता तिला माझ्याआधीपासून पाठ होती.

आता माझी मागणी, जिच्यासाठी खरं तर हे पत्र.

आमच्या बाभळीवर पुऱ्या झालेल्या खोप्यांपेक्षा मला ते अर्धवट जास्त दिसतात. टोपीसारखे, मधे दोरी असलेले, कुणी न घेतलेले. रिजेक्शन. रिवर्क होत नाही, भंगारात जात नाही, हिरवे असतात ते पिवळे पडतात, मग तपकिरी. त्यांतही फास तेवढेच घट्ट आहेत, मी ओढून पाहिलंय. माझ्या टेबलावरून जे नग मी बाजूला काढते, त्यांमागेही कुणाची तरी आठ तासांची शिफ्ट असते, आणि लाल खडूची रेघ मारताना मला ते माहीत असतं. रेघ तरीही मारावी लागते.

तुम्ही बघणाऱ्या बाई. तुमच्या नजरेतून हे अर्धे खोपे सुटले असतील असं मला वाटत नाही. तुमची गाणी तुम्ही जात्यावर, शेतात म्हणत गेलात; जी सोपानदेवांच्या आणि पितांबरांच्या कानावर पडली ती कागदावर आली, बाकीची हवेत गेली. तुम्ही ३ डिसेंबर १९५१ ला गेलात आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, म्हणजे त्याचं एकही पान तुमच्या हाती पडलं नाही. त्या हवेत गेलेल्यांमध्ये अर्ध्या खोप्याचं गाणं होतं का? नापसंत पडलेल्या विणकामाबद्दल तुम्ही काय म्हणाला होतात? आणि ते विणणाऱ्याबद्दल? की ते नाकारून पुढे जाणाऱ्या तिच्याबद्दल?

सोपानदेवांना आठवत असेल तर त्यांनाही विचारा. उत्तर खानदेशी बोलीतच कळवा, आमच्या इथे समजावून सांगणारी पोरगी आहे.

आपली नम्र,
क्वालिटीवाली ताई, सणसवाडी